भाकरीचं ताट, रेशनचा गहू आणि एक रक्ततपासणी

 

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट आहे. गटाची महिन्याची बैठक होती. एक ताई हप्ता भरायला म्हणून आली आणि पिशवीतून पैसे काढता काढता रडायलाच लागली. तिची लेक तेरा वर्षांची. नवव्या वर्षी तिला टाइप वन मधुमेह निघाला. तेव्हापासून दिवसाला चार सुया. माय रोज शुगर तपासते, वहीत लिहिते, एक दिवस चुकवत नाही. तरी पोरगी वाढेना. वर्गातल्या मुली खांद्याच्या वर गेल्या आणि ही तिसरी-चौथीतल्यासारखी दिसे. लोहाच्या गोळ्या सहा महिने खाल्ल्या, तरी हिमोग्लोबिन हलेना. आणि रात्री अपरात्री शुगर एकदम खाली जायची. पोट भरून जेवलेली पोरगी पहाटे घामाघूम होऊन थरथरायची.

घरातले म्हणायचे, सुया टोचून टोचून पोरगी खुरटली. एका दवाखान्यात तर मायलाच ऐकवलं, की तुम्ही लेकराला नीट खाऊ घालत नाही. शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरांनी सगळी वही चाळली, पोरीची उंची मोजली आणि चिठ्ठीवर एक रक्ततपासणी लिहून दिली. नाव होतं टीटीजी. ताईनं ती चिठ्ठी आमच्यापुढं ठेवली आणि विचारलं, "हे काय असतं? खाजगीत हजाराच्या वर सांगतात. करावी का नको?"

आम्हाला कुणालाच सांगता आलं नाही. म्हणून विचारत गेलो, वाचत गेलो. या एका तपासणीमागं मोठा इतिहास आहे. त्यात परदेशातली युद्धं आहेत, आपला बहात्तरचा दुष्काळ आहे, रेशनचं दुकान आहे आणि आपल्या ताटातली भाकरीही आहे. तो इतिहास आज सांगतो.

दोन आजार, एकच खोड

आधी दोन आजार समजून घेऊ. आपल्या अंगात रोगजंतूंशी लढणारी फौज असते. कधी कधी ती चुकते आणि आपल्याच अंगातल्या भागावर तुटून पडते. ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर तुटून पडली, की टाइप वन मधुमेह होतो. हा आजार गोड खाऊन होत नाही आणि मायच्या चुकीनं तर होतच नाही. यात इन्सुलिन बाहेरूनच द्यावं लागतं, दुसरा इलाज नाही.

दुसरा आजार सिलिॲक. गव्हात ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक मळल्यावर जो चिवटपणा येतो, तो त्याचाच. जव आणि राय या धान्यांतही तसलंच प्रथिन असतं. सिलिॲक असलेल्या माणसानं गहू खाल्ला, की तीच फौज लहान आतड्यावर तुटून पडते. आतड्याच्या आत टॉवेलच्या धाग्यांसारखे बारीक बारीक उंचवटे असतात. अन्नातला कस तेच ओढून घेतात. ते झिजून सपाट होतात. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. कुणाला जुलाब होतात, पोट फुगतं. कुणाला पोटाचा काहीच त्रास नसतो, फक्त रक्त कमी, उंची कमी, थकवा.

या दोन्ही आजारांमागं रक्तातून येणारा काही वारसा सारखाच असतो. म्हणून एक आजार असलेल्याला दुसरा होण्याची शक्यता इतरांपेक्षा पुष्कळ जास्त. आता त्या पोरीची रात्रीची शुगर का पडायची ते पाहा. माय चपातीच्या हिशेबानं इन्सुलिन द्यायची. इन्सुलिन आपलं काम करायचं, पण झिजलेल्या आतड्यातून चपातीची साखर रक्तात पुरती पोचायचीच नाही. हिशेब मायचा चुकत नव्हता.

एका आईनं पाहिलेलं

पोटाच्या या आजाराचं वर्णन फार जुनं आहे. सुमारे १८०० वर्षांपूर्वी अरेटियस नावाच्या ग्रीक वैद्यानं, खाल्लेलं न पचता तसंच बाहेर पडतं अशा रोग्यांबद्दल लिहून ठेवलं. सिलिॲक हा शब्दच ग्रीक भाषेतल्या पोटाच्या शब्दावरून आला. मग १८८८ मध्ये लंडनच्या सॅम्युएल गी या डॉक्टरांनी लहान मुलांमधल्या या आजाराचं नीट वर्णन छापलं. हा आजार बरा व्हायचा असेल तर तो आहारानंच होईल, असं त्यांचं मत होतं. पण आहारातलं नेमकं काय काढायचं, ते त्यांना सापडलं नाही. एका मुलाला रोज शिंपले खाऊ घातले जायचे. हंगाम असेपर्यंत मूल सुधारलं, हंगाम संपला आणि पुन्हा आजारी पडलं.

१९२४ मध्ये अमेरिकेत सिडनी हास या डॉक्टरांनी केळ्यांचा आहार सुरू केला. मुलांना भरपूर केळी द्यायची आणि पाव-बिस्किटं बंद. मुलं झपाट्यानं सुधारली. लोकांना वाटलं, केळ्यातच औषध आहे. आमच्या नांदेडच्या अर्धापूरच्या केळीवाल्यांना हे ऐकून आनंद होईल, पण खरं कारण वेगळं होतं. पाव बंद झाला म्हणून मुलं सुधारली होती. पुढं काहींनी पाव पुन्हा सुरू केला आणि दुखणं परत आलं.

खरं उत्तर हॉलंडमध्ये सापडलं. हेग शहरातल्या मुलांच्या दवाखान्यात विलेम कारेल डिके नावाचे डॉक्टर होते. असं सांगतात, की १९३० नंतरच्या काळात एका आईनं त्यांना म्हटलं होतं, माझ्या लेकराचा पाव बंद केला की ते सुधारतं. डिकेंनी ते बोलणं हसण्यावारी नेलं नाही. त्यांनी गहू नसलेला आहार देऊन पाहायला सुरुवात केली. मग दुसरं महायुद्ध आलं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली. पाव मिळेना, लोक फुलांचे कंदसुद्धा उकडून खात होते. गावंच्या गावं खंगत असताना दवाखान्यातली ही मुलं मात्र बरी होत होती. युद्ध सरता सरता विमानातून पाव आला आणि त्यांचं दुखणं पुन्हा उलटलं. १९५० मध्ये डिकेंनी आपला प्रबंध मांडला. लेकरांना घातक ठरणारं धान्य गहू होतं.

या पुढच्या वाटेवर बायकांचीही पावलं आहेत. १९५२ मध्ये इंग्लंडात शार्लट अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की गव्हातला स्टार्च निर्दोष आहे, त्रास ग्लुटेनचा आहे. १९५६ मध्ये लंडनच्या डॉ. मार्गो शायनर यांनी तोंडावाटे नळी घालून लहान आतड्याचा कणभर तुकडा काढायची पद्धत प्रसिद्ध केली. त्यामुळं पोट न कापता आतडं पाहता येऊ लागलं. आणि १९९७ मध्ये जर्मनीत वालबुर्गा डीटरिख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं, की या आजारात फौज नेमकी कशाला शत्रू समजते. त्या पदार्थाचं लांबलचक नाव आहे टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज. त्याचंच लघुरूप टीटीजी. ताईच्या चिठ्ठीवरची ती तीन अक्षरं तिथून आली. आतड्याचा तुकडा न काढता, दंडातल्या रक्तावरून संशय घेता येईल अशी सोपी वाट तिथून मोकळी झाली.

मधुमेहाशी याची गाठ पडायला उशीर का झाला? कारण साधं आणि दुःखद आहे. १९२२ च्या आधी टाइप वन झालेली लेकरं फार दिवस जगतच नसत. कॅनडातल्या टोरंटोमध्ये १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधलं. ११ जानेवारी १९२२ ला लेनर्ड थॉम्पसन या मुलाला त्याची पहिली सुई दिली गेली. ती पुरती लागू पडली नाही. मग औषध आणखी शुद्ध करून पुन्हा दिलं आणि पोरगा उठून बसला. त्यानंतर टाइप वनची मुलं मोठी होऊ लागली, शाळेत जाऊ लागली, संसार करू लागली. तेव्हा कुठं डॉक्टरांच्या ध्यानात आलं, की यांच्यातल्या काहींना पोटाचाही आजार असतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीला वैद्यकीय मासिकांत अशा मुलांची वर्णनं येऊ लागली. लेकरं जगली म्हणून दुसरा आजार दिसला.

गहू आपल्या ताटात कधी आला

आता परदेशातून आपल्या गावात येऊ. गटातल्या एका आज्जीला आम्ही विचारलं, तुमच्या लहानपणी चपाती कधी व्हायची? आज्जी म्हणाली, "सणाला, नाहीतर जावई आला तर. रोज कोण पोळी खातंय? ज्वारीची भाकर, वर ठेचा नाहीतर पातळ वरण." निजामाच्या राज्यात होतो तेव्हा, १७ सप्टेंबर १९४८ नंतर भारतात आलो तेव्हा आणि पुढंही कित्येक वर्षं मराठवाड्याच्या ताटाचा कणा ज्वारीच होती. दाणा माणसाला, कडबा जनावराला. गहू थोडा पिकायचा आणि पुरणपोळीसाठी जपून ठेवायचा.

बदल वरून आला. १९५६ मध्ये भारतानं अमेरिकेशी पीएल-४८० खाली धान्याचा करार केला आणि जहाजं भरून गहू येऊ लागला. १९६६ मध्ये मेक्सिकोहून बुटक्या गव्हाचं १८,००० टन बियाणं आणलं गेलं. पंजाब-हरियाणात गव्हाचे ढीग लागले, त्याला हरितक्रांती म्हणतात. मग आला १९७२ चा दुष्काळ. ही आज्जी तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती, खडी फोडायला जायची. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं राबत होती. आज्जीला अजून आठवतं, कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर परदेशातला गहू नि मिलो नावाची लाल ज्वारी. "मिलोची भाकर थापता थापता मोडायची," ती म्हणाली. "पण तिनंच जगवलं."

हे सांगताना आम्हाला त्या अन्नाला नावं ठेवायची नाहीत. त्या गव्हानं लाखो जीव वाचवले. पण दुष्काळ गेला तरी रेशनचा गहू राहिला. २०१३ मध्ये अन्न सुरक्षा कायदा झाला, गहू २ रुपये किलोनं मिळू लागला. जानेवारी २०२३ पासून तर तो फुकट आहे. इकडं शेतातून खरीप ज्वारी उठली आणि तिच्या जागी सोयाबीन आलं. लातूरची बाजारपेठ आता सोयाबीनच्या नावानं ओळखली जाते. ज्वारी काढायला मजूर मिळत नाही, पाखरं राखायला कुणी नाही. म्हणून जी ज्वारी एकेकाळी गरिबाचं धान्य होती, ती आता दुकानात रेशनच्या गव्हापेक्षा कितीतरी महाग पडते.

आणि खरं सांगायचं तर आम्हा बायकांनाही चपाती सोयीची वाटली. भाकरी एकेक थापायची, धगीपुढं बसायचं, गरम गरम वाढायची. चपात्या सकाळी एकदम लाटून ठेवल्या की डब्यालाही होतात, रात्रीलाही पुरतात. शाळेच्या डब्यात भाकरी नेली की पोरं लाजतात. चहाबरोबर बिस्किट, टोस्ट, खारी आली. दोन पिढ्यांत ताट बदलून गेलं.

आपल्या देशात काय आढळलं

पुष्कळ वर्षं असं मानलं जायचं, की सिलिॲक हा गोऱ्या लोकांचा आजार. १९६० च्या दशकात उत्तर भारतातल्या डॉक्टरांनी आपल्या मुलांमध्येही तो दाखवून दिला. मग समजूत झाली, की हा पंजाब, हरियाणा, दिल्लीकडचा, गहू खाणाऱ्यांचा आजार. दिल्ली परिसरात केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. तिथं साधारण ९६ माणसांमागं एकाला हा आजार निघाला.

२०१६ मध्ये देशाच्या तीन भागांतल्या २३,००० हून अधिक मोठ्या माणसांची पाहणी प्रसिद्ध झाली. उत्तरेत दर हजारी साधारण १२ जणांच्या रक्तात सिलिॲकची खूण निघाली. दक्षिणेत दर हजारी फक्त एकाच्या. पण गंमत पुढं आहे. ज्या वारशामुळं हा आजार होऊ शकतो, तो उत्तरेत आणि दक्षिणेत जवळपास सारख्याच लोकांमध्ये होता, तीनातल्या एकापेक्षा थोड्या जास्तीच. फरक होता गव्हाचा. उत्तरेतला माणूस दिवसाला साडेचारशे ग्रॅमच्या आसपास गहू खात होता आणि दक्षिणेतला पंचवीस ग्रॅम. म्हणजे अनेकांच्या रक्तात बी आधीपासूनच असतं, त्याला पाणी गव्हाचं मिळतं. आपला मराठवाडा भाकरीकडून चपातीकडं गेला आहे, म्हणून ही गोष्ट आपल्यासाठी महत्त्वाची.

ज्यांना टाइप वन आहे त्यांचं प्रमाण तर याहून वेगळंच. चंदीगडच्या पीजीआय संस्थेत टाइप वनच्या १८९ मुलांची तपासणी झाली. २१ मुलांना सिलिॲक निघाला. नऊ मुलांमागं एक. त्यातल्या कित्येक मुलांच्या आयांना पोटाचं काही दुखणं आहे हे ठाऊकच नव्हतं. मुंबईच्या वाडिया बाल रुग्णालयातही टाइप वनच्या मुलांची अशी तपासणी झाली. तिथंही प्रमाण दहा टक्क्यांच्या वरच निघालं.

म्हणून मुलांच्या मधुमेहाच्या जागतिक डॉक्टर-संघटनेनं सांगितलंय, की टाइप वन निघाला की लगेच सिलिॲकची तपासणी करा, मग दोन वर्षांनी आणि पाच वर्षांनी पुन्हा करा. त्रास असो वा नसो. आणि मधेच काही लक्षण दिसलं तर कधीही करा. पुन्हा पुन्हा का? कारण पहिल्या वेळी नसलेला आजार पुढं होऊ शकतो, आणि बहुतेकांना तो पहिल्या पाच वर्षांतच होतो. टाइप वनची दोन लाखांहून अधिक मुलं आज आपल्या देशात आहेत. त्यातली काही आपल्याच गल्लीत आहेत.

तपासणी करताना

आता जे आम्ही ताईच्या लेकीबरोबर फिरून शिकलो, ते सांगतो. कागद-पेन्सिल घ्या.

पहिली गोष्ट, तपासणीच्या आधी गहू बंद करू नका. इथंच आम्ही फसलो होतो. कुणीतरी सांगितलं म्हणून ताईनं महिनाभर आधीच चपाती बंद केली. गहू पोटात नसला की रक्तातली खूण ओसरते आणि आजार असूनही तपासणी चांगली येऊ शकते. डॉक्टरांनी पुन्हा दीड-दोन महिने रोज गहू खायला लावला आणि मग रक्त घेतलं. मायच्या जिवावर आलं, पण तेच बरोबर होतं.

दुसरी गोष्ट, टीटीजीबरोबर एकूण आयजीए किती आहे तेही पाहतात का, हे विचारा. काहींच्या रक्तात आयजीए मुळातच कमी असतं. मग टीटीजी चांगली आली तरी ती फसवी असू शकते.

तिसरी, रक्ताचा आकडा वाढलेला आला की तेवढ्यावर आयुष्यभराचा गहू बंद करायचा नाही. पोटाच्या डॉक्टरांकडं जायचं. ते बहुतेक वेळा दुर्बिणीनं आतड्याचा कण काढून खात्री करतात. टाइप वनच्या मुलांत थोडासा वाढलेला आकडा कधी कधी गहू चालू असतानाच आपोआप खालीही येतो. म्हणून घाई नको आणि हयगयही नको.

नांदेडला विष्णुपुरीला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. खाजगीत पैसे भरण्याआधी तिथल्या बालरोग विभागात शुगरची वही घेऊन जा आणि विचारा. सोबत आशाताईला घ्या. आमच्या ताईसाठी गटानं अंतर्गत कर्जातून पैसे दिले. बियाणाला कर्ज देतो, शिलाई मशीनला देतो, तर लेकराच्या रक्ततपासणीला का नाही?

जातं परत आलं

लेकीला सिलिॲक निघाला. त्या दिवशी ताई म्हणाली, "साखर तर आधीच गेली, आता चपातीही गेली. लेकरानं खायचं तरी काय?" तेव्हा तीच आज्जी म्हणाली, "जे आम्ही खाल्लं ते."

मैत्रिणींनो, इथं आपला इतिहास आपल्या कामी येतो. परदेशात असा आजार निघाला की लोक महागड्या डब्यांतलं ग्लुटेन नसलेलं पीठ शोधतात. आपल्याकडं ज्वारी, बाजरी, मका, तांदूळ, नाचणी, भगर, राजगिरा, सगळ्या डाळी, यात कशातच ग्लुटेन नाही. आपलं सुशीला चालतं. येळवशीला शेतात भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील चालतं. फक्त गव्हाची खीर नको. धपाटे चालतात, पण आपण त्यात मूठभर कणीक घालतो, ती घालायची नाही.

अडचण दळणाची आली. गावातल्या गिरणीत एकाच जात्यावर सगळ्यांचा गहू जातो, मागं आपली ज्वारी. आधीचं पीठ तिच्यात मिसळतंच. सिलिॲकमध्ये तेवढंही चालत नाही. पाकिटावर ग्लुटेन नाही असं छापायचं असेल तर किलोमागं २० मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन नको, असा नियम आहे. २० मिलिग्रॅम म्हणजे चिमटीतही न येणारं. सुरुवातीला आज्जीनं माळ्यावरचं जातं काढलं, जे लग्नातल्या हळदीपुरतं उरलं होतं. पण रोज कोण दळणार? मग गटानं ठराव केला आणि एक घरघंटी घेतली. तिच्यात गहू घालायचा नाही, हे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय. आता शुगरवाल्या आज्ज्याही तिथंच ज्वारी दळून नेतात, म्हणून मशीनचा हप्ता निघतो.

आणखी काही बारीकसारीक. रवा, मैदा, दलिया, शेवया, पाव, बिस्किट, नूडल्स, सगळा गहूच. बाजारातल्या डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं, पाकीट वाचून घ्या. परात, पोळपाट, लाटणं, तवा वेगळा ठेवा. ज्या तेलात पुऱ्या तळल्या त्यात तिची भजी तळू नका. देवळातला शिरा रव्याचा असतो, गुरुद्वाऱ्यातला कडाह प्रसाद गव्हाच्या पिठाचा असतो. लेकरानं नमस्कार करावा, प्रसाद घरच्या कुणीतरी घ्यावा. शाळेत बाईंना लेखी कळवा. आणि शुगर पडली की हातात बिस्किट देऊ नका, साखर किंवा ग्लुकोज द्या.

एक इशारा मात्र पक्का लक्षात ठेवा. ज्वारीची भाकरी खाल्ली म्हणजे इन्सुलिन नको, असं नाही. भाकरीनंही शुगर वाढते. उलट आतडं सुधारलं की अन्न अंगी लागायला लागतं आणि इन्सुलिन वाढवावं लागू शकतं. डॉक्टरांना विचारून डोस ठरवा. इन्सुलिन बंद करणं म्हणजे लेकराच्या जिवाशी खेळ आहे, मग कुणी कितीही जडीबुटी सांगो.

आता त्या पोरीबद्दल. वर्ष होत आलं. हिमोग्लोबिन चढलं. रात्रीची थरथर जवळपास थांबली. मायनं दाराच्या चौकटीवर पेन्सिलनं उंचीच्या रेघा मारल्यात, आणि रेघा वर सरकतायत. पण सगळं गोडच आहे असं नाही. मैत्रिणीच्या वाढदिवसाला केक समोर आला की तिचं तोंड उतरतं. ज्वारीला महिन्याला जो जास्तीचा खर्च येतो तो रोजगारातून काढावा लागतो, आणि रेशनचा फुकट गहू घरात पडून असतो. रेशनवर गव्हाऐवजी ज्वारी मागणाऱ्याला ती मिळावी, हा ठराव आम्ही ग्रामसभेत मांडलाय. तुमच्याही गावात मांडा.

आणि नातेवाईक हळूच म्हणतात, कुणाला सांगू नका, उद्या लग्न अडेल. आमचं म्हणणं असं, की लपवलं तर पोरीला सासरी पहिल्याच पंगतीत पुरी खावी लागेल आणि सुई चोरून घ्यावी लागेल. आधीच सांगितलं तर तिच्या ताटात भाकरी येईल.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या गल्लीत, गटात, अंगणवाडीत टाइप वनचं लेकरू असेल, तर आज त्याच्या मायकडं जा. विचारा, टीटीजी झाली का? कधी झाली? वाढ कशी आहे? एवढंच विचारा. हॉलंडच्या त्या डॉक्टरनं एका आईचं ऐकलं म्हणून वाट सापडली. आपल्या गावातल्या आईचं ऐकायला आपण तरी मागं का राहायचं?

पुढच्या भेटीपर्यंत, रामराम.